घड्याळ बरोबर होतं

आमच्या घरात हार्डवेअर हा शब्द कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी आला. कराडात अण्णांचं हार्डवेअरचं दुकान, म्हणजे खिळे, स्क्रू, कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या, पॉलिश पेपर, आणि गल्ल्याच्या मागं काचेच्या कपाटात कुलपं. २००५ च्या सुरुवातीला घरी कॉम्प्युटर आला आणि तो जोडायला आलेला पोरगा म्हणाला 'मी हार्डवेअरचं काम करतो काका', तेव्हा अण्णांनी त्याला धंद्यातला माणूस समजून आधी चहा पाजला आणि मग विचारलं, माल कुठून उचलता? तो म्हणाला लॅमिंग्टन रोडवरनं. अण्णांना मुंबईतली नागदेवी माहीत होती, लॅमिंग्टन रोड नव्हता, पण रात्रीच्या एसटीनं जाऊन माल आणायचा आणि दुसऱ्या रात्रीच्या एसटीनं परत यायचं हे ऐकून त्यांना त्या पोराबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

कॉम्प्युटर घ्यायचं कारण माझं शिक्षण वगैरे अजिबात नव्हतं. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात व्हॅट लागू होणार होता आणि अण्णांचे हिशेब बघणाऱ्या सीएंनी सांगितलं होतं की आता वहीवर भागायचं नाही. म्हणून मग असेंबल्ड पीसी. सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, पंधरा इंची डबा मॉनिटर. फ्लॉपी ड्राइव्ह घेतला नाही, कारण अण्णा म्हणाले एवढ्याशा डब्याला दोन तोंडं कशाला, सीडीचं एक बास झालं. ही काटकसर पुढं मला नडली, ते येईलच.

त्या पोरानं मशीन चालू केलं आणि लगेच कीबोर्डवरचं डिलीट बटण टकटकटकटक दाबायला लागला. मला वाटलं काहीतरी अडकलंय. तर समोर निळा स्क्रीन आला, त्यावर पिवळी अक्षरं, दोन कॉलम, चित्र नाही, माउस चालत नाही, फक्त बाणाची बटणं आणि पेजअप-पेजडाउन. स्टँडर्ड सीमॉस फीचर्स, ॲडव्हान्स्ड बायॉस फीचर्स, इंटिग्रेटेड पेरिफेरल्स, पीसी हेल्थ स्टेटस. मी विचारलं हे काय आहे? तो म्हणाला, "बायॉस. इथं हात लावायचा नाही." सतरा वर्षांच्या पोराला याहून चांगलं आमंत्रण कुणी देत नाही.

हे बायॉस म्हणजे काय ते मला अण्णांच्या दुकानावरनंच नीट कळलं खरं तर. सकाळी नऊला गिऱ्हाईक येतं तेव्हा अण्णा गल्ल्यावर बसलेले असतात, सगळं जागच्या जागी असतं, आणि बघणाऱ्याला वाटतं दुकान असंच असतं. पण त्याआधी अर्धा तास कुणीतरी शटर वर केलेलं असतं, मेन स्विच लावलेला असतो, काटा शून्यावर आहे का बघितलेलं असतं, मागचं गोदाम उघडलेलं असतं. कॉम्प्युटरमध्ये तो अर्धा तास दोन-चार सेकंदांचा असतो. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बसलेला छोटासा प्रोग्राम रॅम मोजतो, कीबोर्ड जागा आहे का विचारतो, डिस्क कुठं आहे ती शोधतो, काही बिनसलं तर बीप वाजवतो, आणि सगळं जुळलं की मग विंडोजला हाक मारतो की ये बाबा, बस गल्ल्यावर. सेटअप म्हणजे त्या शटर उघडणाऱ्या माणसाला आदल्या रात्री देऊन ठेवलेल्या सूचना. आधी कुठलं दार उघडायचं, कोणता पंखा किती फिरवायचा, कुणाला आत घ्यायचं नाही.

आणि या सूचना लिहिलेल्या असायच्या कुठं, तर एवढ्याशा जागेत. १९८१ चा आयबीएमचा पहिला पीसी होता त्यात तर सूचना नव्हत्याच, बोर्डावर बारीक बारीक खटके होते, रॅम किती आहे आणि फ्लॉपी किती आहेत ते खटके वर-खाली करून सांगायचं. १९८४ ला एटी नावाचं मॉडेल आलं, त्यात मोटोरोलाची एक घड्याळाची चिप बसवली. तिच्या पोटात ६४ बाइटची मेमरी होती, सीमॉस म्हणतात ते हेच. ६४ बाइट म्हणजे हे वाक्यसुद्धा त्यात मावणार नाही. त्यातले पहिले १४ घड्याळासाठी, आणि उरलेल्या ५० मध्ये मशीनच्या सगळ्या सेटिंगा. आमच्या मशीनपर्यंत जागा थोडी वाढली होती पण मांडणी तीच. घड्याळ, सेटिंगा आणि पासवर्ड, तिघं एकाच खोलीत, एकाच सेलवर जगणारे. सेल म्हणजे तो गोल, चपटा, जुन्या आठाण्यापेक्षा जरासा छोटा, ३ व्होल्टचा. हे तिघं एका खोलीत राहतात ही गोष्ट लक्षात ठेवा, मी ठेवली नाही.

दिवाळी झाली, सहामाहीचे मार्क आले, आणि बारावीचं वर्ष होतं. अण्णांनी त्या पोराला परत बोलावलं आणि सांगितलं याला कुलूप घाल. तो म्हणाला विंडोजला पासवर्ड टाकतो काका. अण्णांनी विचारलं, हा काढेल का? तो माझ्याकडे बघून हसला. मग म्हणाला बायॉसला टाकू. तिथं दोन गोष्टी कराव्या लागतात हे मी मागं उभं राहून बघितलं. एक म्हणजे सुपरवायझर पासवर्ड ठेवायचा, पण नुसता ठेवला तर तो फक्त त्या निळ्या स्क्रीनमध्ये शिरतानाच विचारतो, विंडोज बिनधास्त चालू होतं. म्हणून दुसऱ्या एका पानावर 'सिक्युरिटी ऑप्शन' असतं, त्यात 'सेटअप' लिहिलेलं असतं ते बदलून 'सिस्टिम' करायचं, मग मशीन चालू करतानाच पहिला दणका. कित्येक लोक ही दुसरी पायरी विसरतात आणि आपलं मशीन बंदिस्त आहे म्हणून निवांत झोपतात.

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा अण्णा खुर्चीत बसले आणि आम्हा दोघांना म्हणाले, "तिकडं बघा." त्या पोरालासुद्धा. कुलूप विकणारा माणूस कुलूप बसवणाऱ्याला चावी दाखवत नाही.

पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी अण्णा दुकानातनं आले की मॉनिटरवर एक छोटी चौकट यायची, ते एका बोटानं टाइप करायचे, बिलं घालायचे, बंद करायचे. मी पलंगावर केमिस्ट्री उघडून बसलेला.

वर्गातल्या एका मित्राचा भाऊ कोल्हापूरला हार्डवेअरचा कोर्स करत होता (कॉम्प्युटरच्या). त्याच्याकडनं कळलं की बोर्डावर सेलच्या शेजारी तीन पिना असतात, त्यातल्या दोनवर प्लॅस्टिकची टोपी असते, मशीनची वायर काढायची, टोपी उचलून एक घर पलीकडं बसवायची, दहा आकडे मोजायचे, टोपी परत जागेवर, संपलं. पासवर्ड गेला. मला ते ऐकून खरंच वाटेना. म्हणजे अण्णा दोन महिने ज्याच्यावर विसंबून आहेत ते एका टोपीवर?

जानेवारीतली दुपार. आई बाहेर, अण्णा दुकानात, आजी आतल्या खोलीत झोपलेली. कॅबिनेटचे दोन स्क्रू काढले, तेही अण्णांच्याच दुकानातल्या स्क्रूड्रायव्हरनं. आत एवढी धूळ की मला अपराधी वाटण्याऐवजी आपण साफसफाई करतोय असंच वाटलं थोडा वेळ. सेल सापडला, पिना सापडल्या, टोपी नखानं उचलली, बसवली, दहाऐवजी तीस मोजले, परत ठेवली. वायर लावली. बटण दाबलं. आणि चौकट आली नाही.

आलं ते दुसरंच. काळ्या स्क्रीनवर, 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड'. म्हणजे खोली रिकामी सापडली, कारखान्यातल्या मूळ सूचना वापरतोय. आणि त्याच्या खाली 'फ्लॉपी डिस्क्स फेल, ४०', पुढं जायला एफ-वन दाबा. कारण कारखान्याच्या हिशेबानं प्रत्येक मशीनला फ्लॉपी ड्राइव्ह असतोच, आणि आमच्या मशीनला अण्णांनी दुसरं तोंड ठेवलं नव्हतं. ही ओळ रोज संध्याकाळी अण्णांना दिसली असती तर संपलंच. मग डिलीट दाबून आत गेलो, पहिल्यांदा एकट्यानं, ड्राइव्ह ए समोर १.४४ लिहिलं होतं ते 'नन' केलं. तिथंच वर तारीख दिसली, १ जानेवारी २००३. वेळ रात्री बारा वाजून चार मिनिटं. खिडकीतनं ऊन येत होतं. हॉलमधलं घड्याळ बघून मी तारीख, वार, तास, मिनिट, अगदी सेकंदसुद्धा जुळवला. बूटचा क्रम आधी हार्ड डिस्क असा होता तो तसा केला. एवढं चोख काम मी बारावीत दुसरं कुठलंच केलं नसेल. एफ-टेन, वाय, एंटर.

दीड तास गाड्यांचा गेम खेळलो. पाच वाजले. आता सगळं आवरून पासवर्ड परत ठेवायचा आणि

कुठला?

म्हणजे मी खरंच सांगतो, त्या क्षणापर्यंत हे माझ्या डोक्यात आलेलंच नव्हतं. मी निळ्या स्क्रीनवर 'सेट सुपरवायझर पासवर्ड' वर एंटर दाबून बसलो होतो, चौकट उघडलेली, कर्सर लुकलुकतोय, आणि मला टाइप करायला काही नव्हतं. कुलूप तोडता आलं होतं, पण तेच कुलूप परत लावायला चावी लागते आणि ती अण्णांच्या डोक्यात. दुकानाचं नाव, आईचं नाव, स्कूटरचा नंबर, काय काय मनात आलं. काही टाकलं असतं आणि ते चुकीचं निघालं असतं तर अण्णांचा पासवर्ड चालला नसता, म्हणजे आणखी घोटाळा. शेवटी रिकामंच ठेवलं.

रात्री अण्णा बसले, बटण दाबलं, बोट कीबोर्डवर तयार, आणि सरळ विंडोज आलं. त्यांनी बोट मागं घेतलं. काही बोलले नाहीत. मी पलंगावरनंच म्हणालो (कुणी विचारलेलं नसताना), "आतला सेल गेला असेल, सेल गेला की पासवर्ड जातो म्हणे."

"हो का," अण्णा म्हणाले. बिलं घातली. पंधरा-वीस मिनिटांनी, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बघत म्हणाले, "सेल गेला. पण घड्याळ बरोबर आहे."

मी गप्प.

"भिंतीवरच्या घड्याळाचा सेल गेला की ते थांबतं. ह्याचं थांबलं न्हाई. उलट काल दोन मिनिटं मागं होतं ते आज बरोबर झालंय."

ओरडले वगैरे नाहीत, ते त्यांच्या स्वभावातच नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना कॅबिनेटची मागची पॉवर केबल काढून, गुंडाळून पिशवीत टाकून घेऊन गेले. परीक्षा संपेपर्यंत ती केबल रोज सकाळी जायची आणि रात्री यायची, डब्यासारखी. त्याला ना टोपी, ना पिना. आता कुणी म्हणेल तसली केबल बाजारात मिळते की, मिळते, अण्णांच्याच शेजारच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळायची, पण तो दुकानदार मला लहानपणापासून ओळखत होता हे अण्णांनी धरलेलं असणार.

परीक्षा संपल्यावर एकदा दुकानात बसलो असताना मी विषय काढला, की एवढा भारी पासवर्ड पण एका टोपीनं जातो, काय उपयोग. अण्णा कपाटातलं एक स्वस्तातलं कुलूप काढून म्हणाले, ह्या खोक्यात डझनभर आहेत, चाव्या बघ. मी बघितल्या. बाराच्या बारा वेगळ्या नव्हत्या, दोन-तीन नमुन्यांतच सगळी आटपली होती. "ज्याला आत जायचंय तो कोयंडाच उचकटतो. पण उचकटलेला कोयंडा सकाळी दिसतो. नुसती कडी घातली असती तर आला-गेला कळलंच नसतं."

नंतर बऱ्याच वर्षांनी मला कळलं की जुन्या अवॉर्ड बायॉसमध्ये कारखान्यातनंच एक मास्टर पासवर्ड असायचा, 'अवॉर्ड', खाली एक डॅश, आणि एस डब्ल्यू. तो टाकला की कुठलंही मशीन उघडायचं. म्हणजे अण्णांच्या खोक्यातल्या डझनासारखंच. आमच्या २००५ च्या बोर्डावर तो चालला असता का काय माहीत, बहुतेक नसता, पण कॅबिनेट न उघडता, घड्याळ न हलवता, तसंच आत जाऊन तसंच बाहेर येता आलं असतं तर अण्णांना कधीच पत्ता लागला नसता, ही रुखरुख मला अजून आहे.

आणि खरं कुलूप ते नव्हतंच. बायॉसचा पासवर्ड मशीनला असतो, डिस्कला नसतो. चार स्क्रू काढून हार्ड डिस्क दुसऱ्याच्या मशीनला लावली की सगळी बिलं, सगळे हिशेब उघडे. हे मी अण्णांना तेव्हा सांगितलं नाही.

त्या सुट्टीत माझ्या हातात तो निळा स्क्रीन पूर्ण आला. अण्णांनी पासवर्ड परत टाकला नाही आणि मी एकेक पान पालथं घातलं. १२८ एमबी रॅममधली ८ एमबी चित्रांसाठी राखून ठेवलेली होती ती मी ३२ केली, गेम जरा गुळगुळीत झाला आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायला दुप्पट वेळ लागायला लागला, कारण बाहेरनं काही आलेलं नाही, एकाच घरात भिंत सरकवलेली. व्हायरस वॉर्निंग नावाचं काहीतरी चालू केलं, मोठ्या अपेक्षेनं. ते फक्त डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर कुणी लिहायला लागलं की ओरडतं, बाकी व्हायरस शेजारनं हात हलवत जातात. पीसी हेल्थच्या पानावर प्रोसेसरचं तापमान, पंख्याचे फेरे आणि त्या गोल सेलचे व्होल्टसुद्धा दिसतात, ते मी उगाचच एका वहीत लिहून ठेवायचो, दुपारचं आणि रात्रीचं. एप्रिल-मेच्या कराडात दुपारचे आकडे बघून वाईट वाटायचं.

पण सगळ्यात नडलं ते पॉवर मॅनेजमेंटच्या पानावरचं एक सेटिंग, 'पॉवर-ऑन आफ्टर पॉवर-फेल'. ऑफ, ऑन आणि 'फॉर्मर स्टेट्स'. लाइट जाऊन परत आली तर मशीननं काय करायचं. ज्यानं हे सेटिंग बनवलं त्याच्याकडे लाइट वर्षातनं दोनदा जात असणार. आमच्याकडे २००६ मध्ये लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात यायचं. मी ते 'ऑन' करून बघितलं आणि विसरलो. रात्री दोनच्या सुमारास लाइट आली. हॉलमधला पंखा फिरला, त्याबरोबर कोपऱ्यात बीप झालं, कॅबिनेटचा पंखा घोंगावला, मॉनिटर उजळला, आणि स्पीकरमधनं विंडोजची ती सुरावट. स्पीकर मी मोठे करून ठेवलेले. आजी हॉलमध्ये झोपायची. "कोण हाय रं? अगं बया, कोण शिरलंय ह्यात?" सगळं घर उठलं. सकाळी आजीनं कॉम्प्युटरपुढं उदबत्ती लावली, आणि वर म्हणाली रात्री पांघरूण घालत जा त्याला. मी ते सेटिंग ऑफ केलं. आजीला वाटलं उदबत्तीनं झालं, मीही तसंच राहू दिलं.

तर या सगळ्यातनं मी पोटापाण्याला लागलो तो ह्याच कामाला, हे ओघानं आलंच. पुण्यात एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला होतो. तोवर निळा स्क्रीन जाऊन यूईएफआय, म्हणजे बायॉसचा नवा अवतार, आलं होतं, माउस चालतो, पंख्यांचे आलेख फिरतात, कुठल्या कुठल्या बोर्डावर तर लाल-काळं विमानाच्या कॉकपिटसारखं. मला ते अजून आवडत नाही. काम मात्र तेच, शटर उघडणाऱ्याला सूचना. फक्त आता तो माणूस जास्त संशयी झालाय. सिक्युअर बूट म्हणून एक प्रकार आहे, त्यात गल्ल्यावर बसायला येणाऱ्याच्या सहीची खात्री केल्याशिवाय त्याला बसूच देत नाहीत. आणि टीपीएम नावाची चिप, किंवा हल्ली प्रोसेसरच्या पोटातच असते ती. ती मशीन चालू होताना प्रत्येक पायरीचं मोजमाप घेते, आणि मापं कालच्यासारखीच आली तरच डिस्कची किल्ली देते. डिस्क आता खरंच कुलूपबंद असते, काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी नुसता कचरा दिसतो.

ही चिप मला एकदा चांगलीच भोवली. अकाउंट्समधल्या एका मॅडमचं मशीन, एएमडीचं, प्रोसेसर खराब झाला म्हणून बदलला. चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर एक लांबलचक सूचना, की आतली टीपीएम वेगळी दिसतेय, वाय दाबलंत तर नवीन सुरुवात, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी की शिवाय उघडणार नाही, नाहीतर एन दाबा. आता आपण हजार वेळा वाय दाबलेली माणसं. सेव्ह अँड एक्झिट, वाय. डिफॉल्ट्स लोड करू, वाय. दाबला वाय. नंतर कळलं की नवा प्रोसेसर म्हणजे नवी टीपीएम, तिच्याकडे किल्ली नव्हतीच, एन दाबून जुना परत बसवण्यात अर्थ नव्हता, म्हणजे माझा वाय निर्दोष होता, पण त्या वेळी छातीत धस्स झालं ते झालंच. विंडोजच्या निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागत होतं, सहा-सहाचे आठ गट. महिनाअखेर. मॅडम मागं उभ्या, काही न बोलता, आणि न बोलणारी माणसं मला लहानपणापासून जास्त जड जातात. ती रिकव्हरी की कंपनीच्या सर्व्हरवर जपून ठेवलेली होती पण मशीनच्या जुन्या नावाखाली, ती सापडायला दोन तास गेले.

त्या दोन तासांत मला अण्णांची आठवण आली. म्हणजे ही चिप अण्णांचंच काम करते, काल आणि आज ताडून बघायचं. सिक्युअर बूट नुसतं बंद करून मशीन चालू करा, ती किल्ली अडवते, रिकव्हरी की मागते. पण परत जाऊन ते चालू करा, सगळं होतं तसं लावून ठेवा, की ती गप्प, किल्ली देते, जणू काही झालंच नाही. इथं अण्णा तिच्या पुढं. मी सगळं होतं तसं लावून ठेवलं होतं म्हणूनच त्यांनी मला पकडलं.

गेल्या वर्षी, २०२५ च्या दिवाळीत कराडला गेलो तेव्हा अण्णांच्या मशीनचं काम निघालं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला होता आणि बँकेत कुणीतरी त्यांना घाबरवलं होतं. मशीन २०१९ चं, आठव्या जनरेशनचा आय-थ्री, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसणारं, पण तपासणीत नापास दाखवत होतं. टीपीएम नाही म्हणे. असते, फक्त इंटेल तिला पीटीटी म्हणतं आणि त्या बोर्डावर ती झोपलेली असते, सेटअपमध्ये जाऊन उठवावी लागते. त्यात ज्यानं हे जोडलं त्यानं विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलं होतं. म्हणून आधी सगळा बॅकअप, मग विंडोजमधनंच डिस्कची मांडणी नवीन पद्धतीची करून घेतली, आता सेटअपमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीनं चालू व्हायची सोय) बंद, पीटीटी चालू, सिक्युअर बूट चालू, दहा मिनिटांचं काम. रीस्टार्ट केलं, डिलीट टकटकटक.

चौकट आली. पासवर्ड.

"अण्णा, ह्याला पासवर्ड आहे?"

"आहे."

"कुणी टाकला?"

"मीच. जोडणाऱ्याला सांगितलं, आत जायला लागतो तेवढा टाकून घेतला."

"घरात आता तुम्ही आणि आई. कुणासाठी?"

"असू दे."

मशीन टेबलाखाली होतं, बाजूचं झाकण माझ्या गुडघ्याला लागत होतं. ह्या बोर्डावर तीनऐवजी दोनच पिना असतात, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं की झालं, आणि स्क्रूड्रायव्हर या घरात कुठं असतो हे मला विचारावं लागत नाही. अर्थात हल्लीच्या बोर्डांत पासवर्ड फ्लॅशमध्ये, म्हणजे सेलशिवाय टिकणाऱ्या मेमरीत ठेवलेला असतो, पिनांनी जाईलच असं नाही. मी खुर्चीतनं उठलो.

अण्णा बसले. चष्मा वर-खाली केला, कीबोर्ड जवळ ओढला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तिकडं बघ."

मी भिंतीकडं तोंड केलं. कालनिर्णय, त्याच्या शेजारी आजीचा फोटो, घड्याळ. मागं एकेक बटण वाजत होतं, सावकाश, एका बोटाचं. मध्ये थांबले. चुकलं वाटतं, पुसलं, परत पहिल्यापासून. एंटर.

"ये."

सेटअप उघडलं होतं आणि अण्णा उठायच्या आधी पहिल्याच पानावरची तारीख-वेळ बघत बसले होते. मग मान वळवून भिंतीवरचं घड्याळ बघितलं. "हे चार मिनिटं मागं आहे."

मी मोबाइल बघून वेळ लावली. पीटीटी, सीएसएम, सिक्युअर बूट, तिन्ही बदललं. एफ-टेन दाबणार तेवढ्यात ते म्हणाले, "बाकी होतं तसंच ठेवलंस न्हवं?"

"न्हाई, तीन ठिकाणी बदललंय."

"मग लिही इथं." दुकानाचं बिलबुक पुढं सरकवलं, पाठकोरं पान काढून.

मी लिहिलं. पीटीटी चालू, सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. त्यांनी वाचलं, पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली, घड्याळ चार मिनिटं पुढं केलं. त्याखाली तारीख.